पाटीवर 'मॉन्टेसरी' आहे, आत काय आहे? बडोद्यातल्या आईबाबांसाठी

गोत्री, वासणा रोड, मांजलपूर, कारेलीबाग, कुठेही चक्कर मारा. 'मॉन्टेसरी' लिहिलेली पाटी दिसतेच. घरी आजी विचारते, "तिथे काय वेगळं शिकवतात गं?" आणि आपण अडखळतो. आपल्याला जे काही ठाऊक असतं ते शाळेच्या माहितीपत्रकातून आणि लाकडी खेळण्यांच्या रील्समधून आलेलं असतं, म्हणजे विकणाऱ्याकडूनच. मुलीसाठी शोधाशोध करताना माझ्या लक्षात आलं की माहिती हवी तेवढी मिळते. पण ती कोण देतंय आणि त्यात त्याचा काय फायदा आहे, हे पाहिलं की बरीचशी बाजूला ठेवावी लागते. उरते ती कुठे शोधायची आणि कशी तपासायची, ते क्रमाने सांगते.

१. पाटीला पुरावा समजू नका

मॉन्टेसरी म्हणजे लहान मुलांना खास साधनं स्वतः हाताळू देऊन शिकवण्याची पद्धत. पण या नावावर कोणाची मालकी नाही. उद्या मी माझ्या गॅरेजवर तशी पाटी लावली तर मला कोणी अडवणार नाही. 'मॉन्टेसरी बेस्ड', 'मॉन्टेसरी प्लस', 'मॉन्टेसरी आणि प्लेवे' यांतून काहीच सिद्ध होत नाही. याचा अर्थ सगळे फसवतात असा नाही. काही जण प्रामाणिकपणे दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात आणि विचारलं तर तसं सांगतातही. जो सांगत नाही, त्याच्याबद्दल सावध राहायचं.

२. शाळा बघायच्या आधी मूळ गोष्ट वाचा

हे आधी करा, नंतर नको. एकदा चकचकीत वर्ग बघितला की डोळे दिपतात आणि मग वाचलेलं सगळं त्या शाळेच्या बाजूनेच वाचलं जातं.

डॉ. मारिया मॉन्टेसरी (१८७०–१९५२) इटलीतल्या डॉक्टर. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. आज महागड्या फीशी जोडलं गेलेलं हे शिक्षण कामगारांच्या मुलांसाठी सुरू झालं होतं, हे फी ऐकून छातीत धस्स झालं की आठवावं. १९२९ मध्ये त्यांनी आणि त्यांचा मुलगा मारिओ यांनी असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल, म्हणजे एएमआय, ही संस्था काढली. १९३९ मध्ये त्या मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षं भारतातच राहिल्या. आपल्या शेजारच्या अहमदाबादेतही त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले.

पण गुजरातेत ही पद्धत त्यांच्याआधी पोचली होती. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. मॉन्टेसरीबाई भारतात पाऊल ठेवायच्या काही महिने आधी, जून १९३९ मध्ये, गिजुभाई गेले. भावनगरला त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक आपल्या मराठी. १९२६ च्या नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत त्या होत्या. पुढे १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यात (आताचा पालघर) बोर्डीला गेल्या, तिथून कोसबाडला, आणि अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर अंगणवाडी उभी केली.

हे सांगण्याचं कारण पूर्णपणे व्यवहारातलं आहे. गुजरातेत मुलांना मध्यभागी ठेवणाऱ्या शाळांचे दोन प्रवाह आहेत. एक एएमआयच्या काटेकोर प्रशिक्षणाचा: ठरलेली साधनं, ठरलेली मांडणी. दुसरा गिजुभाई-ताराबाईंचा: मॉन्टेसरीचा पाया, पण त्यात गोष्टी, लोकगीतं, नाटुकली, बागकाम आणि स्थानिक वस्तूंपासून केलेली साधनं भरपूर. दुसऱ्या प्रवाहाच्या साध्या बालमंदिरात गुलाबी मनोरा (मॉन्टेसरीचं ठोकळ्यांचं साधन) दिसला नाही म्हणून नाक मुरडू नका, आणि पहिल्या प्रवाहाच्या शाळेत गोष्टी कमी वाटल्या तर ती वाईट असंही समजू नका. शाळेला सरळ विचारा, तुम्ही कोणत्या वाटेवरचे?

वाचायचं कुठे? मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीवरच्या पहिल्या पुस्तकाचा १९१२ चा इंग्रजी अनुवाद इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. भाषा जुनाट आहे, पण निदान मूळ बाईंची आहे. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं आहे, हिंदीत सहज मिळतं, आणि दोन संध्याकाळींत वाचून होतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत (सयाजीरावांच्या काळातली, १९१० ची) गुजराती आणि मराठी विभागांत बालशिक्षणावर शोधा. काउंटरवर विषय सांगितला तर मदत करतात. आणि एएमआयची स्वतःची वेबसाइट पाहा. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची यादी तिथेच असते, ती पुढे चौथ्या पायरीवर लागेल.

३. 'संशोधनाने सिद्ध झालंय' असं कोणी म्हटलं तर

प्रत्येक माहितीपत्रकात हे वाक्य असतं. त्यामागचं खरं काय, ते थोडक्यात.

अडचण अशी की मॉन्टेसरी निवडणारे पालक आधीच जास्त लक्ष घालणारे असतात. मूल पुढे हुशार निघालं तर श्रेय शाळेचं की घराचं, हे कळत नाही. म्हणून ज्या शाळांत प्रवेश लॉटरीने होतात तिथले अभ्यास जास्त भरवशाचे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड यांनी असे अभ्यास केले आहेत: एक २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, दुसरा २०१७ मध्ये, हार्टफर्डच्या १४१ मुलांवर, तीन वर्षं चाललेला. त्यात लॉटरी लागलेली मुलं वाचन-गणितात आणि दुसऱ्याचं मन समजून घेण्यात पुढे होती. सर्जनशीलतेत मात्र फरक दिसला नाही. माहितीपत्रकात पहिला भाग छापतात, दुसरा नाही.

आपल्या कामाचा अभ्यास त्यांचाच, २०१२ चा. ज्या वर्गांत फक्त मॉन्टेसरीची साधनं होती तिथल्या मुलांची प्रगती जास्त झाली. जिथे त्यांच्या जोडीला वर्कशीट आणि नेहमीची खेळणी ठेवली होती तिथली, नेहमीच्या शाळांतल्या मुलांसारखीच. अभ्यास छोटा आहे, त्यावर डोळे मिटून विसंबू नये. पण 'आम्ही मॉन्टेसरी करतो आणि वर्कशीटही देतो, म्हणजे दोन्हीचा फायदा' असं कोणी म्हणालं की तो जरूर आठवा.

टीकाही जुनी आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच लिहिलं होतं की या साधनांत मुलाच्या कल्पनेला आणि मोकळ्या खेळाला वाव कमी. तुमचं मूल दिवसभर भातुकली आणि 'मी डॉक्टर, तू पेशंट' यात रमणारं असेल तर हा मुद्दा शाळेत काढा. उत्तर देताना बेन, म्हणजे शिक्षिका, चिडल्या की शांतपणे समजावू लागल्या, तेही बघून ठेवा.

४. बेनचं प्रशिक्षण विचारा, मालकाचं नव्हे

ऑफिसात भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट बहुधा शाळा काढणाऱ्याचं असतं. आपलं मूल ज्या खोलीत बसणार तिथल्या बेनचं विचारा. प्रश्न चारच: कोर्स कुठला, कुठल्या केंद्रातून, किती महिन्यांचा, आणि कुठल्या वयोगटासाठी? तीन ते सहाचं प्रशिक्षण वेगळं, त्याहून लहान मुलांचं वेगळं.

एएमआयच्या पूर्ण कोर्समध्ये शिकणाऱ्याला वर्गात बसून निरीक्षणाचे ठरलेले तास भरावे लागतात, साधनांवर तासन् तास हात बसवावा लागतो, लेखी-तोंडी परीक्षा असते. शिवाय प्रत्येक साधन कसं मांडायचं, मुलाला कसं दाखवायचं, याच्या वह्या स्वतः लिहून काढाव्या लागतात. त्यांना अल्बम म्हणतात. माझी युक्ती अशी: सर्टिफिकेट मागितलं की माणूस सावध होतो, पण "तुमचे अल्बम बघायला मिळतील का?" विचारलं की जिने खरंच कोर्स केला आहे तिचा चेहरा खुलतो. जाडजूड फायली निघतात, कडा काळ्या पडलेल्या, मध्ये चित्रं. जिने शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केला आहे ती विषय बदलते.

भारतात एएमआयखेरीज इतर संस्थांचेही चांगले कोर्स आहेत, त्यामुळे ही तीन अक्षरं दिसली नाहीत म्हणून लगेच उठू नका. केंद्राचं नाव लिहून घ्या आणि घरी येऊन बघा: तिथे प्रत्यक्ष वर्ग चालतो का, की नुसता फॉर्म भरून पैसे पाठवायचे? फोन करून "तुमच्याकडे मुलांवर सराव कुठे करून घेतात?" एवढं विचारलं तरी पुरे.

५. वर्गात बसू द्या म्हणावं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सकाळी चालू वर्गात एका कोपऱ्यात, न बोलता, तासभर. पालकांना फिरवून आणतात ती 'टूर' वेगळी. तिच्यात आपण भिंती बघतो, मुलं नाही. "मुलांचं लक्ष विचलित होतं" म्हणून नकार मिळाला तर काचेतून किंवा दारातून बघायचं विचारा. तेही नाही म्हटलं तर माझ्या लेखी ती शाळा यादीतून गेली.

जून-जुलैत जाऊ नका, नवी मुलं रडत असतात. नवरात्रीत आणि वार्षिक कार्यक्रमाच्या तालमींतही नको. तेव्हा बडोद्यातली कुठलीच शाळा शाळेसारखी नसते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

काय बघायचं?

वयं मिसळलेली आहेत का? एका खोलीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असायला हवीत. नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर अशा वेगळ्या खोल्या असतील तर पद्धतीचा कणाच गेला, कारण लहान मूल मोठ्याचं बघून शिकतं आणि मोठं लहानाला दाखवताना पक्कं होतं.

सलग वेळ आहे का? मूळ पद्धतीत जवळपास तीन तासांचा अखंड वेळ असतो, ज्यात मूल स्वतः काम निवडतं. वेळापत्रकात दर अर्ध्या तासाला 'राइम्स', 'ड्रॉइंग', 'फोनिक्स', 'स्मार्टबोर्ड' असेल तर तो अखंड वेळ कुठून येणार?

साधनं वापरातली आहेत का? इथे जवळ जाऊन बघा. गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, सगळ्यात छोटा १ सेंटिमीटरचा. तो छोटा ठोकळा जागेवर आहे का ते शोधा. तो सगळ्यात आधी हरवतो, सोफ्याखाली, खिशात, कधी तोंडात. जिथे तो आहे तिथे कोणीतरी रोज मोजून ठेवतंय. खरखरीत कागदाची अक्षरं असतात, मुलं बोटाने गिरवतात. त्यांचे कागद मधे झिजलेले दिसले तर चांगलं लक्षण. नव्यासारखी कोरी, किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या कपाटात ठेवलेली साधनं पालकांसाठी असतात.

चुकलं की काय होतं? मी एका वर्गात बसले होते तेव्हा साडेतीन वर्षांचा एक मुलगा काचेच्या छोट्या जगमधून दुसऱ्या जगमध्ये पाणी ओतत होता. निम्मं ट्रेमध्ये सांडलं. बेन तीन पावलांवर उभ्या होत्या, हलल्या नाहीत. त्याने आजूबाजूला बघितलं, शेल्फकडे गेला, स्पंज आणला, पुसला, स्पंज बादलीत पिळला, त्यात निम्मं पाणी पुन्हा फरशीवर, आणि मग परत पहिल्यापासून ओतायला बसला. कोणी 'व्हेरी गुड' म्हटलं नाही, कोणी स्टारही दिला नाही. बेन वहीत काहीतरी लिहीत होत्या. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नसणं हे या पद्धतीचं ठळक लक्षण. भिंतीवर 'स्टार ऑफ द वीक'चा तक्ता दिसला तर त्याबद्दल विचारा.

आणि मोकळीक म्हणजे गोंधळ नव्हे. मुलं चटया उलगडून त्यांवर काम करतात, झालं की चटई गुंडाळून वस्तू जागेवर ठेवतात, दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाहीत. एखादं मूल नुसतं भटकत असेल तर काळजी नको; पंधरा-वीस मिनिटांत बेन त्याच्यापाशी जातात का, ते बघा.

तुलनेसाठी एक सल्ला. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभागाची चेतन बालवाडी आहे. ती मॉन्टेसरी म्हणून चालत नाही, पण बालविकासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या देखरेखीखालची आहे. विभागात पत्र देऊन भेटीची परवानगी मागा. चांगला वर्ग वेगळ्या पद्धतीनेही कसा दिसतो, हे एकदा बघितलं की साधनांचं भारावलेपण उतरतं.

६. इतर पालकांचं ऐका, पण फाटकाबाहेर

गूगलवरचे पाच तारे प्रवेशाच्या महिन्यात भराभर वाढतात, तारखा बघा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जी शाळा सगळे सुचवतात ती बहुधा घराजवळची असते. त्याने बाकी काही कळत नाही. शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पालकांशी बोला. मुलाला शाळेतून काढलेले कोणी भेटले तर सोन्याहून पिवळं. त्यांना 'का काढलं' विचारू नका, 'काय वेगळं असतं तर ठेवलं असतं' असं विचारा. राग कमी आणि माहिती जास्त मिळते.

७. भाषेचं आधी ठरवा

आपल्या मराठी घरांचा हा खास प्रश्न. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की गुजराती, शाळेच्या पाटीवर इंग्रजी. मॉन्टेसरी पद्धतीत लेखन-वाचन ध्वनीपासून सुरू होतं, म्हणून मूल ज्या भाषेत बोलतं त्याच भाषेची अक्षरं आधी हातात यावीत, हे स्वाभाविक. विचारा: खरखरीत अक्षरं कोणत्या लिपीची आहेत? बेन मुलांशी काम दाखवताना कोणत्या भाषेत बोलतात? बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि गुजराती असं उत्तर येईल. मराठी घरी आपणच करायची, आणि तिची अक्षरं घरी पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर कापून, चिकटवून करता येतात. दांडिया बाजारात नाहीतर मांडवीत हार्डवेअरच्या दुकानात बारीक नंबरचा मागा, जाड नको, बोटं सोलवटतात.

८. वय आणि पुढची शाळा

गुजरातच्या नियमाप्रमाणे पहिलीत जाणाऱ्या मुलाला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि प्रीस्कूलमध्ये घेताना १ जूनला तीन. अडीच वर्षांच्या मुलाला 'आत्ताच जागा धरा' म्हणणाऱ्या शाळेला हे विचारा.

खरा खड्डा पुढे आहे. मॉन्टेसरीचं चक्र तीन वर्षांचं, आणि तिसरं वर्ष सगळ्यात फळाचं. पण शहरातल्या मोठ्या शाळांच्या जागा बहुधा नर्सरी किंवा ज्युनिअर केजीलाच भरतात. मग पालक दोन वर्षांनी मूल काढतात आणि 'मॉन्टेसरीने काही झालं नाही' म्हणतात. पुढे जिथे घालायचं आहे त्या शाळेत आत्ताच फोन करून विचारा की पहिलीला किती जागा निघतात. नसतील तर हे तीन वर्षांचं गणित घरी आधीच मांडा, आजी-आजोबांसकट.

९. कागद आणि पैसे

शाळा मागेल ते: जन्माचा दाखला (महानगर सेवासदनाचा), लसीकरणाचं ममता कार्ड, मुलाचं आणि आईबाबा दोघांची आधार कार्डं, घराचा पत्ता दाखवणारं लाईटबिल किंवा भाडेकरार, पासपोर्ट साइज फोटो. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स करून ठेवा. दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. पहिलीच्या प्रवेशाला तेच नडतं.

तुम्ही शाळेकडे मागायचं ते: खाजगी पूर्वप्राथमिक शाळांना राज्य सरकारकडे नोंदणी करायची आहे, त्याचा कागद; फायर एनओसी; आणि इमारतीची बीयू परमिशन (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची परवानगी). राजकोटच्या गेमझोनच्या २०२४ च्या आगीनंतर हे मागायला कोणी लाजत नाही. बंगल्याच्या तळमजल्यावर चालणारी शाळा असेल तर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा स्वतः उघडून बघा, त्याच्यामागे खुर्च्या रचलेल्या नसाव्यात.

फीबाबत एकच. वर्षाची पूर्ण फी एकदम भरू नका. ॲडमिशन फी, टर्म फी, 'मटेरियल चार्ज' वेगवेगळे लिहून घ्या. मूल पहिल्या दोन महिन्यांत रुळलं नाही तर किती परत मिळेल, हे बोलण्यात नको, पावतीवर किंवा ईमेलवर हवं. मटेरियल चार्जमध्ये वर्कबुक निघाली तर तिसरी पायरी पुन्हा वाचा आणि बेनना विचारा, ही कशासाठी.